शेणाच्या भाड्यावरचं मंगल कार्यालय

लोकांना वाटतं, बँकेतली कर्ज अधिकारी म्हणजे पंख्याखाली बसून सह्या करणारी बाई. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला निम्मा काळ मी परक्यांच्या छपराखाली उभी राहून वर बघण्यात घालवला. पत्रा गळतो का, भिंत नवी आहे की नुसता रंग नवा आहे, हे बघायचं. अजूनही कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी माझी मान आधी वर जाते. सूनबाई म्हणते, आई, आता कुणी कर्ज मागत नाहीये, खाली बघा.

बीड जिल्ह्यातल्या एका महिला सहकारी बँकेच्या आष्टीच्या शाखेत मी होते. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात बँकेची फार शोभा नाही आणि माझी तर त्याहून नाही.

घर घ्यायला कर्ज मागणारे सगळीकडे असतात. आमच्याकडे आणखी एक जात होती. यांचं घर, गाळा, गोदाम आधीच घेऊन झालेलं असायचं, तेही रोख मोजून. आणि मग बँकेत येऊन म्हणायचे, आता कर्ज द्या. नवा शिपाई माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवायचा. म्हटलं तर वरातीमागून घोडंच. पण त्यात शहाणपण होतं. दुष्काळात विकणाऱ्याला आजच्या आज पैसा हवा असतो. बँकेच्या दोन मीटिंगा आणि तीन सह्या होईपर्यंत तो थांबत नाही. रोख समोर ठेवली की भाव निम्म्यावर येतो. म्हणून असेल नसेल ते मोजून मिळकत पदरात पाडून घ्यायची, आणि मग तीच बँकेकडे तारण ठेवून अडकलेला पैसा मोकळा करायचा. तेव्हा एवढे व्यवहार रोखीनं चालायचे, कुणाला नवल वाटत नसे.

अशा माणसाला आम्ही तीन गोष्टी विचारायचो. मिळकत तुझीच का? पैसा तूच दिलास का? आणि हिच्यातून हप्त्यापुरतं भाडं निघेल का? पहिल्या दोन प्रश्नांना कागद असायचा. तिसऱ्या प्रश्नाला माणसं नाटक करायची. एकानं गाळ्यात भाडेकरू म्हणून स्वतःचा साडू बसवला. मी साडूला विचारलं, भाडं किती देता? तो म्हणाला, “जेवूनखाऊन फुकट हाय, म्याडम.” दुसऱ्यानं रिकाम्या गाळ्यावर ‘दवाखाना’ अशी पाटी लावली आणि चुलतभावाला पांढरा कोट घालून आत बसवलं. मला त्या दिवशी खोकला होता. त्यानं पाठीला नळी लावली, दोन गोळ्या दिल्या. गोळ्या लागू पडल्या. कर्ज मात्र मी नामंजूर केलं.

इतक्या सगळ्या सोंगांत एक बाई खरं भाडं घेऊन आली, आणि तिच्यावरच मी विश्वास ठेवला नाही. तिचं नाव गयाबाई.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आषाढ लागला होता आणि आभाळ पाटीसारखं कोरडं. गयाबाई माझ्या टेबलासमोर बसली ती खुर्चीच्या कडेवर, उठून जायच्या तयारीत असल्यासारखी. मागे तिचा नवरा अंकुश उभा. दोघंही वीस वर्षं ऊसतोडीला जाणारी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम आगाऊ रक्कम वाटतो, तिला उचल म्हणतात. ती घेतली की सहा महिने माणूस त्याचा. कारखाना म्हणेल त्या फडात जायचं आणि उचल फिटेपर्यंत परत फिरायचं नाही.

“काय घेतलंय?” मी विचारलं.

“मंगल कार्यालय,” गयाबाई म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. कडा गावाच्या पुढे रस्त्याला लागून पत्र्याचं एक मंगल कार्यालय होतं. दोन वर्षं पिकं नाहीत, लोकांकडे पैसा नाही म्हणून तिथे लग्नं लागेनात, आणि मालक वैतागून पुण्याला लेकाकडे निघाला होता. गयाबाईनं त्याला पावणेदोन लाख रोख मोजून दिले होते. स्वतः राहायची ती गावातल्या एका खोलीत.

“स्वतःला घर का नाही बांधलंत?”

“घराला आपून पोसावं लागतंय, म्याडम. मला आसं कायतरी पायजे व्हतं की त्येनं आमाला पोसावं.”

तिला एक लाख हवे होते. कार्यालय विकताना मालक भांडी, जनरेटर सगळं घेऊन गेला होता. आमच्याकडे लग्नघर पहिल्यांदा विचारतं, भांडी किती माणसांची? भांडी नसलेलं कार्यालय म्हणजे नुसती सावली. भांडी, जनरेटर आणि पाण्याची एक मोठी टाकी, एवढ्यासाठी कर्ज.

“दसऱ्याच्या आत करा,” ती म्हणाली. “कर्ज झालं तर उचल घेत न्हाई. न्हाई झालं तर घ्यावी लागंल. वीस वर्सं कोयता धरला, आता बास झालं.”

“आणि सध्या भाडं काय येतं?”

तिनं कमरेची पिशवी सोडून गावातल्या दूध संस्थेच्या छापील कागदावरचं एक पत्र काढलं. शिक्का होता, सचिवाची सही होती. मजकूर असा: ‘सदर जागेत संस्थेमार्फत चारा छावणी सुरू असून, जागा व पाणी यांच्या भाड्यापोटी छावणीतील सर्व जनावरांचे संपूर्ण शेण श्रीमती गयाबाई यांना देण्यात येईल.’

मी तो कागद दोनदा वाचला. अंकुश मागून म्हणाला, “रोज देत्यात. खाडा न्हाई.”

झालं होतं असं. संस्थेला छावणी मिळाली, पण जागेसाठी सरकार पैसे देत नव्हतं. गयाबाईच्या कार्यालयाच्या बोअरला तेवढं पाणी टिकून होतं. सचिव म्हणाला, पुण्याचं काम आहे, जागा फुकट द्या. गयाबाईनं विचारलं, देते, पर शेण कुनाचं? सचिवानं तोवर शेणाचा विचारच केला नव्हता.

पाहणीला गेले तेव्हा मला मिळकतीत शिरता येईना. पटांगणात दोनशे जनावरं दावणीला. वासरं आणि दुभत्या म्हशी उन्हापासून आत घेतलेल्या. ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत छतापर्यंत उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत पेंडीची पोती. नवरानवरी बसायच्या स्टेजवर एक गाभण म्हैस बसली होती. तिच्या डोक्यावर थर्माकोलची ‘शुभविवाह’ अशी अक्षरं अजून तशीच होती. मी टेपनं लांबी-रुंदी घेतली. टेपचं दुसरं टोक अंकुशनं धरलं होतं आणि मधल्या म्हशींना तो “सर गं माय, बँक आलीय” असं म्हणत होता.

एका म्हातारबाबांना मी विचारलं, “शेण खरंच यांना देता का?”

“मंग? कावून न्हाई द्यायचं? आमी काय घरी घिऊन जानार हाय व्हय?” ते म्हणाले. त्यांना प्रश्नच वेडगळ वाटला.

मागे उकिरडा रचला होता. इतका नेटका उकिरडा मी जन्मात पाहिला नाही, भिंतीसारख्या बाजू तासलेल्या. डाळिंबवाले बागायतदार नगरकडून ट्रॅक्टर घेऊन यायचे. त्या पैशावर दोघांचं पोट चालायचं, बोअरची मोटर दुरुस्त झाली होती, चार पत्रे बदलले होते. हप्तासुद्धा निघाला असता. पण भांड्यांची एकरकमी खरेदी शेणावर होणारी नव्हती.

बँकेचा नियम होता की मिळकतीसमोर कर्जदाराला उभं करून फोटो काढायचा. गयाबाई डोक्यावर पदर घेऊन ताठ उभी राहिली. पंधरा दिवसांनी बीडच्या मुख्य कार्यालयातून लेखी विचारणा आली: ‘फोटोत कर्जदाराच्या मागे दिसणारी जनावरे कोणाची? ती तारणात समाविष्ट आहेत काय? असल्यास त्यांचा विमा उतरवला आहे काय?’ मी उत्तर लिहिलं: जनावरे परक्यांची. तारणात फक्त कार्यालय. जनावरांचे केवळ शेण कर्जदाराचे.

हे उत्तर घेऊनच मी श्रावणात कर्ज समितीसमोर बसले. आता समितीबद्दल खरं सांगायला हवं. बँक महिलांची, संचालक सगळ्या महिला. पण प्रत्येकीच्या शेजारी ‘निमंत्रित’ म्हणून तिचा नवरा बसायचा. चर्चा नवरे करायचे आणि बायका जिथे पेन्सिलीची खूण असेल तिथे सह्या करायच्या. अध्यक्षा शकुंतलाबाई. त्यांचे यजमान अण्णासाहेब तालुक्याचे पुढारी. पाच वर्षांत शकुंतलाबाई मीटिंगमध्ये मला फक्त “चहा घ्या” एवढंच म्हणाल्या होत्या.

अण्णासाहेबांनी फाइल वाचली आणि चष्मा काढला. “मॅडम, भाड्याच्या रकान्यात शेण लिहिलंय.”

“हो.”

“महिन्याला किती?”

“जनावरं दोनशे आहेत,” मी म्हणाले. पुढचा हिशेब मला येत नव्हता. शहरात वाढलेली मी, शेण म्हणजे रस्त्यात चुकवायची गोष्ट.

निमंत्रितांत चर्चा सुरू झाली. एक म्हणाले, दोनशे जनावरं म्हणजे रोजच्या पाच ट्रॉल्या. दुसरे म्हणाले, अर्धी. तिसऱ्यांनी विचारलं, शेण ही स्थावर मालमत्ता की जंगम? कायदा सल्लागार विचारात पडले. शेण पडेपर्यंत जनावराचं आणि पडल्यावर जमिनीचं, असा काहीसा मुद्दा त्यांनी मांडला. अर्धा तास गेला. आणि मग शकुंतलाबाई बोलल्या.

“दोन दिवसाला एक ट्रॉली.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“छावणीतलं जनावर हाय. नुसतं वाढं खातंय, त्येचं शेण पातळ पडतं. वाळलं की निम्मं. दोन दिवसाला एक ट्रॉली भरल, त्याच्यावर न्हाई.”

“मुतानं भिजलेलं येगळं धरा,” दुसऱ्या एक संचालिका म्हणाल्या. “त्या खताला भाव जास्त.”

“आन् म्हशीचं किती, गाईचं किती? म्हशीचं जास्ती भरतं,” तिसऱ्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत बायकांनी ट्रॉलीचा भाव, वाहतूक, उन्हाळ्यातली घट, सगळं काढलं. एकीनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि विषयपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. निमंत्रित चहा पीत होते. माझ्या नोकरीत कर्ज समिती खऱ्या अर्थानं बसली ती त्या एकाच दिवशी, आणि मला आतून इतकं हसू येत होतं की मी फाइल तोंडापुढे धरली.

अण्णासाहेबांनी एक शेवटचा प्रयत्न केला. “पण पाऊस पडला तर? छावणी उठेल. शेण बंद. मग हप्ता?”

त्याचं उत्तर मी पाहणीच्या दिवशीच गयाबाईकडून घेतलं होतं. तेच वाचून दाखवलं. ती म्हणाली होती, “पाऊस पडला तर लग्नं लागतेल, आन् न्हाई पडला तर शेण पडल.”

दोन्ही बाजूंनी पक्कं असं तारण मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. समितीनं कर्ज मंजूर केलं. फक्त एक ओळ घातली: ‘मिळकतीची रक्कम अर्जदाराने स्वतः दिल्याची अधिकाऱ्यांनी खात्री करून अंतिम आदेशासाठी पाठवावे.’

अधिकारी म्हणजे मी. इथून पुढे जे घडलं ते कुणा अण्णासाहेबांवर ढकलता येत नाही.

मी गयाबाईला बोलावून विचारलं, पावणेदोन लाख आले कुठून? ती म्हणाली, बकऱ्या. लग्नात भावानं एक शेळी आंदण दिली होती. तिचा वंश वाढत गेला. उसाला जाताना सासूकडे ठेवायची, आल्यावर आठवडी बाजारात विकायची. वीस वर्षं. बाजाराच्या पावत्या तिनं डब्यात जपल्या होत्या, पण त्या सगळ्या अंकुशच्या नावावर.

“मग बकऱ्या तुमच्याच कशावरून?” मी विचारलं. असा प्रश्न विचारताना मला अजिबात लाज वाटली नाही, हे लिहून ठेवते.

“बकऱ्यांलाच इचारा की,” अंकुश म्हणाला. तो थट्टेनं म्हणाला, पण माझ्यातली अधिकारी दुखावली. मी त्याच्याकडून शंभराच्या स्टॅम्पवर शपथपत्र मागितलं की बकऱ्या बायकोच्या होत्या. तालुक्याला स्टॅम्प शिल्लक नव्हते. दहा दिवसांनी मिळाले. लिहिणाऱ्यानं त्यात ‘सदर शेळी व तिची वंशपरंपरागत संतती’ असं झोकात लिहिलं. मला वाटलं, मूळ शेळीचा पुरावा हवा. तिचा भाऊ पार परळीच्या बाजूला, धर्मापुरीला. आष्टीहून धर्मापुरी म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. गयाबाई तीन एसट्या बदलून गेली, भावाकडे मुक्काम केला आणि त्याच्या अंगठ्याचा कागद घेऊन आली: ‘शेळी मी स्वखुशीने दिली. रंग काळा.’

मधल्या काळात, भादव्याच्या शेवटी, पाऊस झाला. बरा झाला. छावणी उठली. जनावरं आपापल्या गावी गेली, म्हैस स्टेजवरून उतरली. ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर लग्नं लागणार होती आणि ठरल्याप्रमाणे भांडी हवी होती. शेणाचा पैसा बंद झालेला. गयाबाई दोनदा शाखेत येऊन गेली. बाकावर बसली आणि उठून गेली.

भावाचा कागद तिनं दसऱ्याच्या दोन दिवस आधी माझ्या हातात दिला. मी त्याच दिवशी फाइल बीडला पाठवली. दसऱ्याला मुख्य कार्यालय बंद, मग सह्या करणाऱ्या साहेबांची रजा. आदेश आला तो दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी. मी टपालानं कळवलं. पाकीट परत आलं. पोस्टमननं वर लिहिलं होतं, ‘मालक उसाला.’

आदेशासोबत फाइलही परत आली होती. बंद करताना खरेदीखत सहज उलटं झालं. मागच्या पानावर दुय्यम निबंधकाचा शेरा होता: ‘खरेदीची संपूर्ण रक्कम गयाबाई यांनी माझ्यासमक्ष रोख मोजून दिली.’ शिक्का, सही, तारीख. समितीनं एवढंच मागितलं होतं. आषाढापासून ते पान माझ्या टेबलावर होतं आणि मी ते उलटलं नव्हतं. एवढ्याशा कर्जाला बकऱ्यांची काहीच गरज नव्हती. त्या संध्याकाळी घरी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, चूक होते माणसाची. पण चूक माझी झाली होती आणि उसाला गयाबाई गेली होती.

मी चार दिवस रजा टाकली. मुकादमाच्या घरून पत्ता काढून सांगलीकडे गेले. बँकेनं असं कुणाला पाठवलं नव्हतं, तिकीटही माझंच. फडात पोहोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ऊस अर्धा पडला होता, ट्रॅक्टर भरायला उभा होता. गयाबाईनं मला पाहिलं आणि आधी पाठीमागे बघितलं, माझ्याबरोबर पोलीस वगैरे आहेत का म्हणून.

“कर्ज मंजूर झालं,” मी म्हणाले.

ती हातातला ऊस आणि कोयता टाकून उभी राहिली. तोंडावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. अंकुश मोळी तशीच डोक्यावर घेऊन थांबला. टोळीतल्या बाया भोवती जमल्या.

“आता?” तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मागच्या पानाचंही सांगितलं. चूक माझी होती, बकऱ्यांचे कागद लागणार नव्हते, धर्मापुरीची खेप फुकट झाली, असं तोंडानं म्हटलं. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिनं पायात अडकलेलं पाचट ओढून काढलं. मग म्हणाली, “उचल घेतलीया, म्याडम. चैतापतोर इथून हलता येत न्हाई. पैसं ठिवा तिथंच.”

मंजुरीची मुदत मी वाढवून आणली होती. अध्यक्षाबाईंनी एका ओळीच्या अर्जावर, नवऱ्याला न विचारता, सही केली होती. तेही सांगितलं. टोळीतली एक बाई म्हणाली, “वाचून तर दाखवा बँकेचा कागूद. आमालाबी कळू द्या, गया कसली मालकीन झाली ते.”

मी वाचायला लागले. कर्जदाराचं नाव, गाव, रक्कम, सगळं मोठ्यानं. बाया मालकीणबाई, मालकीणबाई म्हणून तिला ढोसायला लागल्या. ती पहिल्यांदा हसली. मग अटी आल्या. पहिली विम्याची, दुसरी हप्त्याची, तिसरी मी स्वतः घातलेली, प्रत्येक आदेशात घालायचे तशीच: ‘कर्जदाराने तारण मिळकतीवर स्वतः हजर राहून जातीने देखरेख ठेवावी.’

“म्हंजी काय?” गयाबाईनं विचारलं.

“म्हणजे... तुम्ही तिथं राहायचं.”

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. मी पेन पुढे केलं, तिनं पेन्सिलीची फुली केलेल्या जागी सावकाश अक्षर अक्षर लावून सही केली, पेन पदराला पुसून मला परत दिलं आणि पडलेला कोयता उचलून फडात शिरली.